औषधाच्या कपाटाची किल्ली

मंडळाच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे लेख मागितला गेला, तेव्हा संपादकांची अपेक्षा बहुधा बालकांचा आहार किंवा लसीकरण यांवर चार उपयुक्त गोष्टी लिहाव्यात अशी असावी. त्या विषयांवर मी यापूर्वी पुष्कळ लिहिले आहे. या वेळी मात्र आपण डॉक्टर मंडळी आपसांत सहसा ज्याविषयी बोलत नाही, अशा एका साध्या वस्तूविषयी लिहावे असे वाटते. ती वस्तू म्हणजे आपल्या नर्सिंग होममधील औषधांचे कपाट.

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. वैद्याविषयी आपण बोलतो, पदव्या मिळवतो, परिषदांना जातो. रोग्याविषयी बोलणे हा तर आपला व्यवसायच. द्रव्य म्हणजे औषध आणि उपस्थाता म्हणजे परिचर्या करणारी व्यक्ती, हे दोन पाद मात्र आपण बव्हंशी गृहीत धरतो. औषध मेडिकल स्टोअरमधून येते आणि सिस्टर ते देते, एवढ्यावर आपला विचार थांबतो. या दोन पादांमधील जागेतच अपघात घडतात, असे माझे अनुभवाअंती मत झाले आहे.

हे मत पुस्तकातून आलेले नाही, म्हणून तो प्रसंग आधी सांगतो. तो माझ्याच नर्सिंग होममधील आहे आणि त्यातील दोषही माझाच आहे.

चलथाणला साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की आसपासच्या शेतांत ऊसतोडणी कामगारांचे पडाव पडतात. डांग, नवापूर, नंदुरबार भागांतून कुटुंबेच्या कुटुंबे येतात आणि त्यांची तान्ही मुले आपल्याकडे येतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका पडावातून आठ दिवसांचे, दोन किलो वजनाचे एक बाळ जंतुसंसर्ग झालेल्या अवस्थेत माझ्याकडे दाखल झाले. अमिकासिन सुरू केले. किलोला पंधरा मिलिग्रॅम या हिशेबाने मात्रा तीस मिलिग्रॅम. आमच्याकडे नवजात बालकांसाठी शंभर मिलिग्रॅमची व्हायल असे. तिच्यात औषध दोन मिलिलिटर, म्हणजे द्यावयाचे ०.६ मिलिलिटर. मी कागदावर लिहिताना मिलिग्रॅम लिहिलेच नाहीत. ‘अमिकासिन ०.६’ एवढेच लिहिले. वर्षानुवर्षे तसेच लिहीत होतो आणि सर्वांना ते समजत होते.

त्या रात्री शंभरची व्हायल संपली होती. दुकानातून पाचशेची आली. तीही दोन मिलिलिटरचीच, त्याच कंपनीची, तशाच खोक्यातली आणि त्याच रंगाच्या झाकणाची. सिस्टरने कागदावर लिहिल्याप्रमाणे ०.६ मिलिलिटर भरून दिले. बाळाला तीसऐवजी दीडशे मिलिग्रॅम औषध गेले, म्हणजे बरोबर पाचपट.

ही चूक माझ्या लक्षात आली नाही. पहाटे रिकामी व्हायल टाकताना तिच्यावरचा आकडा त्या सिस्टरनेच वाचला आणि मी राउंडला येताच तिने स्वतः येऊन मला सांगितले. ती गप्प राहिली असती तर ही गोष्ट कोणालाही कळली नसती. मी काय केले? वॉर्डमध्ये सर्वांसमक्ष तिला नको तितके बोललो. महिनाअखेरीस ती काम सोडून गेली.

अमिकासिनची जास्त मात्रा मूत्रपिंडाला आणि श्रवणशक्तीला घातक ठरू शकते. बाळाच्या मूत्रपिंडाच्या तपासण्या सुदैवाने चांगल्या आल्या. श्रवणचाचणी सुरतेला करावयाची होती. परंतु हंगाम संपला, पडाव उठला आणि कुटुंब गावी निघून गेले. मुकादमाकरवी निरोप धाडले. बाळ पुन्हा माझ्यासमोर आले ते पुढच्या दिवाळीनंतर. चाचणी झाली आणि ऐकू नीट येत असल्याचे कळले. तेव्हा कुठे मी त्याच्या वडिलांना खरे कारण सांगितले. मधल्या सात महिन्यांत ‘सहज एक तपासणी’ एवढेच सांगत आलो होतो, याची आजही लाज वाटते. तो गृहस्थ थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “साहेब, त्या बाई कुठं आहेत? माझ्या बायकोला त्यांनी लई जीव लावला होता.” मला उत्तर देता आले नाही.

मी मात्रा अपुरी लिहिली होती. नवजात बालकांच्या वॉर्डात पाचशेची व्हायल येऊ दिली ती माझ्या व्यवस्थेने. रात्री दुसऱ्या कोणाकडून पडताळून घेण्याची रीत माझ्याकडे नव्हती. या सर्व साखळीत आपले काम जागरूकपणे केले ते एकाच व्यक्तीने, आणि नोकरी गेली ती तिचीच.

अशी घटना केवळ आमच्यासारख्या लहान नर्सिंग होममध्येच घडते असे नाही. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात कापसी-कोपरी येथे पल्स पोलिओच्या दिवशी बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हातावर लावण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. बालकांना रुग्णालयात दाखल करावे लागले, सुदैवाने ती बचावली. आरोग्य कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली, वृत्तपत्रांतून संताप व्यक्त झाला आणि विषय संपला. तोंडात टाकावयाचे औषध आणि हाताला लावावयाचे द्रव्य एकाच टेबलावर, हाताच्या एकाच अंतरावर का होते, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही.

याहून भयंकर उदाहरणे बाहेरदेशी आहेत. सप्टेंबर २०१४ मध्ये सीरियातील इदलिब प्रांतात गोवराच्या लसीनंतर पंधरा बालके दगावली. लस विरघळविण्याच्या द्रवाऐवजी अ‍ॅट्राक्युरिअम हे भूल देताना स्नायू शिथिल करण्यासाठी वापरले जाणारे औषध मिसळले गेले होते. पॅसिफिक महासागरातील सामोआ या छोट्या देशात जुलै २०१८ मध्ये नेमकी हीच चूक होऊन दोन बालके गेली. दोघी परिचारिकांना प्रत्येकी पाच वर्षांचा कारावास झाला. भयभीत झालेल्या त्या देशात ती लस काही महिने बंद राहिली, लोकांचा विश्वास उडाला आणि २०१९ साली गोवराची साथ येऊन ८३ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत बहुतांश लहान मुले होती. परिचारिका तुरुंगात गेल्या, म्हणून त्यानंतरचे एकही मूल वाचले नाही.

हे वाचले तेव्हा मी उठून आमच्या फ्रिजपाशी गेलो. माझी पत्नी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. आपल्या भागातील अनेक नर्सिंग होमप्रमाणे आमचेही दोघांचे मिळून एक. फ्रिजही एकच. वरच्या कप्प्यात माझ्या लसी, त्याखाली तिचे ऑक्सिटोसिन आणि दरवाजात भूलतज्ज्ञांची सक्सामेथोनियम व अ‍ॅट्राक्युरिअमची अँप्यूल्स. लसीच्या द्रवाच्या अँप्यूल्स त्यांच्या शेजारीच होत्या. इदलिब आणि माझा फ्रिज यांत अंतर फारसे नव्हते. त्याच आठवड्यात आम्ही दुसरा फ्रिज घेतला. ज्या घरात लाखो रुपयांची सोनोग्राफी आणि फोटोथेरपीची यंत्रे आली होती, तेथे हा खर्च इतकी वर्षे सुचला नव्हता.

फ्रिजविषयी आणखी थोडे. लसी दोन ते आठ अंश सेल्सियसमध्ये ठेवाव्यात हे आपण सर्व जाणतो. सुरत-चलथाणच्या उन्हाळ्यात आपली सारी चिंता उष्णतेची असते. परंतु घरगुती फ्रिजमध्ये मागच्या भिंतीला चिकटून ठेवलेली लस गोठण्याचा धोकाही तेवढाच असतो. ट्रिपल, पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी, धनुर्वात या लसी एकदा गोठल्या की निकामी होतात. पुन्हा वितळल्यावर वरवर पाहून ते कळतेच असे नाही. मूल रडते, आई पैसे देते, कार्डावर तारीख पडते, आणि संरक्षण मिळत नाही. फ्रिजमध्ये तापमापक असावा, सकाळ-संध्याकाळ त्याची नोंद व्हावी, दरवाजात लस ठेवू नये आणि डबा, दूध, पाण्याच्या बाटल्या यांना त्यात जागा नसावी. विरघळवलेली गोवराची किंवा बी.सी.जी.ची लस चार तासांनंतर फेकून द्यावी, मग ती कितीही शिल्लक असो. ऑगस्ट २००६ च्या तापीच्या महापुरात सुरतेचा मोठा भाग पाण्याखाली होता आणि अनेक वस्त्यांत काही दिवस वीज नव्हती. तेव्हा किती फ्रिजमधील किती लसी फुकट गेल्या असतील, आणि त्यांपैकी किती नंतर टोचल्या गेल्या असतील, हा विचार मनात आला की अस्वस्थ व्हायला होते. वीज दीर्घकाळ गेल्यास लसी कोठे हलवावयाच्या, हे आधीच ठरवून फ्रिजवर चिकटवलेले असावे.

आता कपाटाकडे वळू. आपल्या बहुतेक नर्सिंग होममध्ये एक ‘उरलेल्या औषधांचा डबा’ असतो. घरी गेलेल्या रुग्णांची शिल्लक अँप्यूल्स, अर्ध्या कापलेल्या पट्ट्या, अर्धवट बाटल्या त्यात जमा होतात. रात्री-अपरात्री दुकान बंद असले की हाच डबा कामी येतो. गरीब रुग्णाचे पैसे वाचावेत हा त्यामागील हेतू चांगलाच आहे. पण कापलेल्या पट्टीवर मुदतीची तारीख राहत नाही, बॅच नंबर राहत नाही, काही वेळा नावही अर्धेच राहते. चांगल्या हेतूने ठेवलेला हा डबा कपाटातील सर्वांत धोकादायक वस्तू आहे. तो आजच रिकामा करावा. मुदतबाह्य औषधे जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार पिवळ्या वर्गात जातात, हेही ध्यानात असावे. ती मोरीत किंवा खाडीत टाकण्याची गोष्ट नव्हे.

बॅच नंबरचे महत्त्व पटवण्यासाठी दोनच घटना पुरेत. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरॉलमुळे चौदा रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमला गेला. चाळीस वर्षे होत आली तरी तेच विष पुन्हा आले. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या सिरपने वीसहून अधिक बालके गेली. त्यांतील अनेकांवर नागपूरच्या रुग्णालयांत उपचार चालू होते. औषधात विष कारखान्यात मिसळले गेले, त्याला आपण जबाबदार नाही. परंतु अमुक बॅच परत करा असा आदेश आला, तर ती आपल्या कपाटात आहे की नाही, आणि कोणत्या मुलाला दिली गेली, हे तासाभरात सांगता आले पाहिजे. बिलाशिवाय औषध घेणाऱ्याला ते कधीही सांगता येणार नाही.

आपल्या भागाची एक वेगळी अडचण आहे, ती कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. आपण मराठी डॉक्टर, गाव गुजराती, सिस्टर कोणी नवापूरची, कोणी व्यारा-मांडवीची, कोणी केरळची तर कोणी ओडिशाची. आपण घाईत मराठी आकडे लिहितो. हाताने लिहिलेला मराठी किंवा गुजराती एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो, आणि मराठी चार इंग्रजी आठासारखा. फोनवरून ‘सात’ आणि ‘साठ’ यांत गफलत होते. ‘दीड’ आणि ‘अडीच’ हे शब्द केरळच्या मुलीला कळतीलच असे नाही, आणि ‘नाही समजले’ असे म्हणण्याचे धैर्य तिला आपण दिलेले नसते. त्यामुळे मात्रा इंग्रजी आकड्यांतच लिहावी, मिलिग्रॅम आणि मिलिलिटर दोन्ही लिहावेत, फोनवरून सांगितलेली मात्रा समोरच्याकडून परत वदवून घ्यावी.

माझ्या चुकीनंतर आमच्याकडे जे नियम झाले, त्यांतील मोजके येथे देतो. यांत फारसा खर्च नाही.

एक. पोटॅशियम क्लोराइडची अँप्यूल्स वॉर्डातून काढून टाकली. दहा मिलिलिटरच्या एका अँप्यूलमध्ये वीस मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असते. ते न मिसळता शिरेत गेले तर हृदय थांबते. दिसायला ते साध्या डिस्टिल्ड वॉटरसारखेच असते. ते आता वेगळ्या कुलूपबंद लाल पेटीत असते आणि दोघांनी पाहिल्याशिवाय बाहेर निघत नाही.

दोन. नवजात बालकांच्या वॉर्डात प्रत्येक औषधाची एकच तीव्रता ठेवली जाते. ती उपलब्ध नसेल तर दुकानाने परस्पर दुसरी पाठवायची नाही, मला फोन करायचा.

तीन. दिसण्यात किंवा नावात सारखी असलेली औषधे वर्णानुक्रमे शेजारी न ठेवता मुद्दाम दूर ठेवली. इन्सुलिनची चाळीस युनिटची व्हायल आणि तिच्या सिरिंजा एकत्र ठेवल्या, शंभर युनिटच्या सिरिंजा तेथे येऊ दिल्या नाहीत.

चार. भरलेली सिरिंज नाव लिहिल्याशिवाय खाली ठेवायची नाही. ठेवलेली आढळली तर तिच्यात काय आहे हे आठवत बसायचे नाही, फेकून द्यायची.

पाच. आधी मुदत संपणारे औषध पुढे, नंतरचे मागे. दर महिन्याच्या एक तारखेला इमर्जन्सी ट्रे मी स्वतः तपासतो. सिस्टरची सही असते, तशी माझीही असते.

सहा. केटामिन, फेंटानिल, ट्रामाडॉल यांसारखी औषधे दुहेरी कुलपात, आणि प्रत्येक अँप्यूलचा हिशेब नोंदवहीत. हा तर कायद्याचाच भाग आहे.

कायद्याविषयी एवढेच म्हणेन की तो असावा आणि पाळला जावा. १९४९ च्या मुंबई नर्सिंग होम नोंदणी कायद्याच्या छत्राखाली आपल्यापैकी अनेकांनी व्यवसाय सुरू केला, आता गुजरातचा २०२१ चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा आहे. निरीक्षक येतील, रजिस्टर पाहतील, जातील. रात्री दोन वाजता कपाटाचे दार उघडले जाते तेव्हा मात्र तेथे निरीक्षक नसतो. तेथे एक थकलेली, बहुधा अपुऱ्या पगाराची आणि पुष्कळदा अपुऱ्या प्रशिक्षणाची मुलगी असते. तिच्या हाताला जे लागेल ते योग्यच असावे, अशी मांडणी करणे आपले काम आहे. आपल्यापैकी कितीजणांकडे पूर्ण शिकलेल्या परिचारिका आहेत, याचे उत्तर ज्याने त्याने मनाशी द्यावे. ज्यांच्याकडे नाहीत, त्यांची जबाबदारी कमी होत नाही, अधिक होते.

‘आमच्याकडे एवढी माणसे कोठे आहेत?’ असा आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. दहा खाटांच्या नर्सिंग होममध्ये रात्री एकच सिस्टर असते, तर दुसरी पडताळणी कोणी करायची? आम्ही असे ठरवले की धोकादायक औषधांच्या बाबतीत रात्री मला उठवायचे. पहिल्या महिन्यात नऊ वेळा उठलो. त्यानंतर मीच विचार करून संध्याकाळीच मात्रा भरून, नाव लिहून घेऊ लागलो किंवा ती औषधे दिवसा देता येतील अशा वेळा ठरवू लागलो. झोपमोड हा चांगला शिक्षक आहे.

स्मरणिका वाचणाऱ्या समाजबांधवांसाठीही दोन शब्द. घरातील औषधांचा डबा हेही एक छोटे कपाटच आहे. पॅरासिटामॉलच्या थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये शंभर मिलिग्रॅम औषध असते, तर साध्या सिरपच्या एका मिलिलिटरमध्ये पंचवीस. सिरपच्या मापाने थेंब दिले तर चौपट मात्रा जाते. बाटलीसोबत आलेले मापच वापरावे, घरातील चमचा नव्हे. रुग्णालयात सिस्टर इंजेक्शन द्यायला आली की “हे कोणते औषध आहे?” असे अवश्य विचारावे. त्यात कोणाचा अपमान नाही. विचारणाऱ्या आईमुळे टळलेल्या चुका मी पाहिल्या आहेत.

शेवटी मंडळाला एक विनंती. आपण दर महिन्याला भेटतो, व्याख्यान होते, नंतर भोजन होते. त्यांतील वर्षातून चार बैठका आपण होता-होता टळलेल्या चुका सांगण्यासाठी राखून ठेवाव्यात. रुग्णाचे नाव नको, रुग्णालयाचे नाव नको, सिस्टरचे नाव तर नकोच. काय घडले, कपाटात काय कोठे होते आणि आता काय बदलले, एवढेच सांगावे. ज्येष्ठांनी आधी बोलावे, म्हणजे तरुणांना संकोच वाटणार नाही. तसेच ज्यांची तयारी असेल त्यांनी एकमेकांच्या नर्सिंग होममधील कपाट आणि फ्रिज वर्षातून एकदा पाहावा. परक्याच्या नजरेला जे दिसते ते रोज पाहणाऱ्याला दिसत नाही. सुरुवात माझ्या कपाटापासून करावी. कोणत्याही दिवशी, न कळवता यावे.

त्या सिस्टरचा मी पुढे शोध घेतला. ती बारडोलीला एका ठिकाणी काम करत असल्याचे कळले. जाऊन क्षमा मागितली. परत येण्याविषयी विचारले, तिने नम्रपणे नकार दिला, आणि तो योग्यच होता. निघताना तिने एकच विचारले, “सर, तिथं पाचशेची व्हायल अजून येते का?” या वेळी मला उत्तर देता आले. येत नाही, असे मी तिला सांगितले.